वर्तुळाकार लिंक्ड लिस्ट
संगणकाच्या स्मृतीतील विदा-संरचनेचा एक प्रकार. लिंक्ड लिस्ट म्हणजे नोडांची साखळी; प्रत्येक नोडमध्ये माहिती आणि पुढच्या नोडचा पत्ता (पॉइंटर किंवा दुवा) असतो. साध्या लिंक्ड लिस्टमध्ये शेवटच्या नोडचा पॉइंटर ‘नल’, म्हणजे रिकामा, असतो. येथे तो पुन्हा पहिल्या नोडकडे वळवलेला असतो. एकेरी (दुवा फक्त पुढच्या नोडकडे) व दुहेरी (दुवे पुढच्या व मागच्या अशा दोन्ही नोडांकडे) असे तिचे दोन प्रकार आहेत.

लिंक्ड लिस्टचा उगम साधारणतः १९५५-५६ च्या सुमारास रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधनसंस्थेशी संबंधित ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ व हर्बर्ट सायमन यांच्या आयपीएल (इन्फर्मेशन प्रोसेसिंग लँग्वेज) या संगणकीय भाषांमध्ये मानतात. वर्तुळाकार रूपाचे श्रेय मात्र एकाच व्यक्तीला देण्यापेक्षा ते यादी-प्रक्रियेच्या भाषांतून क्रमाने रुजले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जोसेफ वायझेनबॉम यांच्या १९६३ मधील स्लिप भाषेत शीर्षनोडला (यादीचा आरंभ दाखवणाऱ्या खास नोडला) परत जोडलेली दुहेरी यादी स्पष्टपणे आढळते.

एकेरी प्रकारात बाहेरचा पॉइंटर (ज्याच्याद्वारे प्रोग्रॅम यादीपर्यंत पोहोचतो तो) पहिल्याऐवजी शेवटच्या नोडकडे ठेवणे सोयीचे; पहिला नोड त्याच्यापासून एकाच पावलावर असतो. नवा नोड घालताना आधी त्याच्या दुव्यात पहिल्या नोडचा पत्ता भरावा, मग शेवटच्या नोडचा दुवा नव्याकडे वळवावा. क्रम उलटला तर पहिल्या नोडचा पत्ता पुसला जातो, नवा नोड स्वतःकडेच निर्देश करू लागतो आणि बाकीची यादी हरवते. नोड आरंभी हवा असल्यास काम इथेच संपते. अखेरीस हवा असल्यास बाहेरचा पॉइंटर नव्या नोडवर सरकवावा. यादी रिकामी असेल तर नवा नोड स्वतःलाच जोडावा. एकमेव नोड काढल्यावर बाहेरचा पॉइंटर ‘नल’ न केल्यास तो मुक्त झालेल्या स्मृतीकडे निर्देश करत राहतो. शेवटचा नोड काढण्यासाठी त्याच्या आधीचा नोड शोधत जवळजवळ सगळी यादी फिरावी लागते. दुहेरी प्रकारात ही फेरी वाचते.

‘नल’ येईपर्यंत चालणारे लूप (पुन्हापुन्हा चालणाऱ्या आज्ञा) येथे कधीच थांबत नाही. आरंभीच्या नोडवर परतल्यावर थांबावे, हा नेहमीचा उपाय. परंतु फेरी चालू असताना तोच नोड काढला गेला तर थांबण्याची खूणच नाहीशी होते. म्हणून कधीही न काढला जाणारा शीर्षनोड ठेवणे इष्ट.

दोन वेगळ्या एकेरी वर्तुळांतील एकेका नोडचे पुढचे दुवे परस्परांत बदलले की एकच वर्तुळ बनते. एकाच वर्तुळातील दोन नोडांवर तीच अदलाबदल केल्यास त्याची दोन वर्तुळे होतात. यादी कितीही लांब असली तरी हे काम स्थिर वेळात होते, आणि या रचनेचे खरे सामर्थ्य हेच.

केवळ संदर्भ-गणनेवर (नोडकडे येणारे दुवे मोजून ते शून्य झाल्यावरच त्याची स्मृती मुक्त करण्यावर) चालणाऱ्या स्मृती-व्यवस्थेत मात्र वर्तुळ आपोआप मुक्त होत नाही, कारण प्रत्येक नोडचा किमान एक संदर्भ शिल्लक राहतो. त्यामुळे दुवा हाताने तोडावा लागतो.

राउंड-रॉबिन नियोजन (प्रत्येक कामाला आळीपाळीने वेळ देणे) व लिनक्स कर्नेलमधील, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातील, दुहेरी याद्या ही परिचित उदाहरणे. जोसेफस कोड्यात वर्तुळात उभ्या असलेल्या ४१ जणांतून दर तिसरा वगळत गेल्यास १६ वा व ३१ वा असे दोघे शेवटी उरतात.