पेशव्यांची दोन तैलचित्रं : वेल्सचं कुठलं, डॅनियलचं कुठलं?

‘जेम्स वेल्सने १७९० साली शनिवारवाड्यात काढलेला पेशवे दरबार’ ही ओळ गेल्या वर्षी एका दिनदर्शिकेवर पुन्हा दिसली. वेल्स हा स्कॉटिश चित्रकार हिंदुस्थानात आला तोच १७९१ साली. १७९०चा दरबार तो कसा काढणार?

वेल्सचं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र तुम्ही शंभरदा पाहिलंय. मोत्यांच्या माळा घातलेले तरुण पेशवे, शेजारी नाना, मागे सेवक. साल १७९२, मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत. (काही जण हे थोरले माधवराव म्हणून खपवतात. ते १७७२लाच गेले होते.)

दुसरं चित्र माणसांनी गच्च भरलेल्या दरबाराचं : टिपूविरुद्धचा १७९०चा तह आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट. हे टॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराचं. पूर्ण झालं १८०५ साली, इंग्लंडमध्ये. तह झाला तेव्हा डॅनियल उत्तर हिंदुस्थानात फिरत होता. १७९० हे प्रसंगाचं साल आहे, चित्राचं नाही.

खरी गफलत होते ती इथून पुढे. हे कळलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात : ‘म्हणजे सगळं कल्पनेतलं!’ तसंही नाही. वेल्सने पुण्यात माणसं समोर बसवून रेखाटनं केली होती. १७९५ साली तो वारला. पुढे त्याची मुलगी सुझॅना हिच्याशी मॅलेटने लग्न केलं, आणि सासऱ्याच्या त्या रेखाटनांवरूनच डॅनियलकडून हे चित्र करून घेतलं. म्हणून त्यातला एखादा चेहरा अस्सल असू शकतो. पण कोण कुठे बसला, कोणाकडे बघत होता, हे डॅनियलने जुळवलेलं आहे. त्यातही चित्र मॅलेटच्या हौसेचं, तेव्हा त्याला किती मोठं दाखवायचं हे कोणी ठरवलं असेल ते उघड आहे. तोंडवळ्यासाठी हे चित्र जरूर पाहा, पण बैठकीच्या मानापमानाचे निष्कर्ष त्यावरून काढू नका. तसे लेख वाचले की माझा जीव तुटतो.

नानांचा चेहरा पाहायचा तर मी डोळे मिटून वेल्सकडेच जाईन. दरबाराचं चित्र छापायचंच असेल तर खाली एवढं लिहा : ‘टॉमस डॅनियल, १८०५, वेल्सच्या रेखाटनांवरून’.