सांकारा, थॉमस
(२१ डिसेंबर १९४९ – १५ ऑक्टोबर १९८७). पश्चिम आफ्रिकेतील अपर व्होल्टा, म्हणजे आताच्या बुर्किना फासो, या देशाचा लष्करी अधिकारी व १९८३ ते १९८७ या काळातील राष्ट्रप्रमुख. जन्म याको येथे.

फ्रान्सच्या अमलातून १९६० मध्ये मुक्त झालेल्या या गरीब देशात सत्तांतर बहुधा लष्कराच्या हातूनच होत असे. मालीबरोबरच्या १९७४ च्या सीमासंघर्षात नाव कमावलेला सांकारा पुढे पो येथील कमांडो प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख झाला, आणि हे केंद्रच त्याच्या सत्तेचा पाया ठरले. जानेवारी १९८३ मध्ये तो पंतप्रधान झाला, पण मे महिन्यात त्याला अटक झाली. तेव्हा त्याचा जिवलग मित्र कॅप्टन ब्लेझ कॉम्पाओरे पो येथे ठाण मांडून राहिला व ४ ऑगस्ट रोजी तेथील कमांडोंनी राजधानी वागाडुगूवर चाल करून ३३ वर्षांच्या सांकाराला सत्तेवर बसवले.

पहिल्याच वर्षी त्याने देशाचे नाव बदलले. सरकारी मर्सिडीज गाड्या विकून मंत्र्यांना छोटी रेनो ५ देण्यात आली, सरकारी नोकरांना हातमागाचे देशी सुती कपडे घालायला लावले, मुलींच्या जननेंद्रियच्छेदनाविरुद्ध पावले उचलली गेली. सर्वांत मोठे काम लसीकरणाचे : १९८४ अखेरीस सुमारे दोन आठवड्यांत जवळपास २५ लाख मुलांना गोवर, पीतज्वर व मेंदूज्वर यांच्या लसी टोचण्यात आल्या. इतक्या साधनहीन देशाने हे करून दाखवावे, ही असामान्य गोष्ट होय.

याच काळात संपावर गेलेल्या हजाराहून अधिक शिक्षकांना त्याने बडतर्फ केले, गावोगावच्या क्रांती संरक्षण समित्यांच्या हाती बंदुका दिल्या आणि पारंपरिक गावप्रमुखांचे हक्क काढून घेतले. त्याच्या चाहत्यांना ही बाजू किरकोळ वाटते. वस्तुतः कामगार संघटना, गावप्रमुख व राजकीय पक्ष असे सगळेच दुरावल्यामुळे त्याचे भवितव्य मूठभर अधिकाऱ्यांच्या मैत्रीवर येऊन ठेपले होते. आदिस अबाबा येथील जुलै १९८७ च्या परिषदेत आफ्रिकी देशांनी एकजुटीने परकीय कर्ज फेडायचे नाकारावे, असे त्याने बजावले. बुर्किना फासो एकटा पडला, तर पुढच्या परिषदेला आपण नसू, असेही तो म्हणाला.

१५ ऑक्टोबर रोजी दुपारी वागाडुगूत बैठक चालू असताना कॉम्पाओरेच्या कमांडोंनी सांकाराला बारा सहकाऱ्यांसह गोळ्या घातल्या. प्रेते रातोरात पुरण्यात आली आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘नैसर्गिक मृत्यू’ असे लिहिले गेले. कॉम्पाओरेने २७ वर्षे राज्य केले. २०१४ च्या जनउठावात तो पळाला, आणि एप्रिल २०२२ मध्ये लष्करी न्यायालयाने या हत्येबद्दल त्याला त्याच्या अनुपस्थितीत जन्मठेप सुनावली.