मुलांच्या पित्तनलिकेतील गाठ : एकामागून एक तपासण्या कशासाठी?

लहान मुलाच्या काविळीमागे बहुतेक वेळा यकृताचा संसर्ग असतो. मात्र कावीळ उतरत नसेल, शौचाचा रंग पांढुरका आणि लघवीचा गडद होत असेल, तर पित्ताची वाट अडली आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टर मुलाला आमच्या केंद्रात पाठवतात. अशा अडथळ्याचे कारण फार क्वचित रॅब्डोमायोसार्कोमा ही पित्तनलिकेतील कर्करोगाची गाठ असते आणि ती बहुधा पाच वर्षांखालील मुलांत आढळते.

सुरुवात सोनोग्राफीने होते. तिच्यात क्ष-किरण नसतात, सहसा भूलही द्यावी लागत नाही आणि मूल आईच्या मांडीवर असतानाही ती करता येते. पित्तनलिका फुगलेली दिसली की कोलेडोकल सिस्ट या जन्मजात दोषाची शंका आधी येते, परंतु तेवढ्यावर थांबणे आम्हांला योग्य वाटत नाही, कारण ही गाठ नलिकेच्या पोकळीत द्राक्षांच्या घोसासारखी वाढते आणि वरवर पाहता सिस्टसारखीच भासू शकते. म्हणून नलिकेच्या आत घन भाग दिसल्यास डॉपलर (सोनोग्राफीतच रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) लावून त्यात रक्तप्रवाह आहे का, हे तपासले जाते. साचलेल्या घट्ट पित्तात किंवा खड्यात रक्तप्रवाह नसतो. तो दिसला तर गाठीची शंका बळावते, पण दिसला नाही म्हणून ती पूर्णपणे मिटत नाही.

पुढची पायरी एमआरआय आणि त्यातील एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचे खास चित्रण. एमआरसीपीत पित्त पांढरेशुभ्र उमटते आणि गाठीने व्यापलेली जागा त्यात तुटलेली दिसते. शिरेतून दिलेल्या काँट्रास्टनंतर (चित्रात फरक ठळक करणाऱ्या औषधानंतर) गाठ उजळते आणि ती यकृतात किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत किती पोहोचली आहे, याचा अंदाज येतो. मुलाला बराच वेळ स्थिर राहावे लागत असल्याने लहान वयात बहुधा भूल द्यावी लागते आणि त्यासाठी किती वेळ उपाशी ठेवायचे, हे भूलतज्ज्ञ सांगतील ते काटेकोरपणे पाळावे. गाठ निश्चित झाल्यास ती फुप्फुसांत पसरली आहे का, हे पाहण्यासाठी छातीचा सीटी स्कॅन करतात.

अहवालात ‘गाठ असण्याची शक्यता’ असे लिहिलेले असले, तरी ते अंतिम निदान नव्हे. ते बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच होते. या गाठीवर केमोथेरपीचा चांगला परिणाम होत असल्याने उपचारांची दिशा बायोप्सीच्या निकालावरच ठरते. तपासणीला येताना आधीच्या सोनोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी सोबत आणाव्यात, म्हणजे नलिका किती वेगाने फुगत आहे हे डॉक्टरांना ताडून पाहता येईल.