कैद्यांच्या जहाजावरचा ताप

इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला कैदी पोहोचवण्याची सरकारी कंत्राटं निघत. १७९० साली सिडनीला पोहोचलेल्या दुसऱ्या ताफ्याचं कंत्राट गुलामांची वाहतूक करणाऱ्या लंडनच्या एका कंपनीला मिळालं. दर माणशी सुमारे साडेसतरा पौंड, तोही जहाजावर चढवलेल्या कैद्यामागे. तो जिवंत उतरला का, याच्याशी पैशांचा संबंध नव्हता; उलट मेलेल्याचं अन्न वाचत होतं. हजारेक कैद्यांपैकी सुमारे पाव हिस्सा वाटेतच संपला, एकट्या ‘नेपच्यून’ जहाजावर १५८ जण. शेजारचा मेला तरी कैदी बोलत नसत, कारण तोवर त्याच्या वाटणीचं अन्न त्यांना मिळे. माणसांना या थराला आणणारा हा व्यवहार कायदेशीर होता, हे वाचताना आजही संताप येतो.

वास्तविक १७८७-८८ मध्ये कॅप्टन आर्थर फिलिप यांनी पहिल्या ताफ्याची ११ जहाजं आणि सातशेहून जास्त कैदी घेऊन हाच आठ महिन्यांचा प्रवास केला होता, आणि मृत्यू मोजकेच झाले होते. निघण्याआधी ताज्या अन्नासाठी ते सरकारशी भांडले, रिओ द जानेरोला थांबून त्यांनी कैद्यांना संत्री दिली. ताज्या फळभाज्यांअभावी होणारा स्कर्व्ही हा रोग संत्र्या-लिंबांनी बरा होतो, हे जेम्स लिंड यांनी १७४७ मध्येच जहाजावर प्रयोग करून पाहिलं होतं.

पुढे कैदी सुखरूप उतरवल्यास जादा पैसे देण्याची अट आली. तरीही १७९८ मध्ये निघालेल्या ‘हिल्सबरो’वर ३०० पैकी ९५ कैदी दगावले. तुरुंग म्हणून वापरल्या जाणाऱ्या जुन्या जहाजांतून टायफस हा जीवघेणा ताप त्यांच्यासोबतच चढला होता. हा रोग अंगावरच्या उवांमुळे पसरतो. ऊ कपड्यांच्या शिवणीत राहते, तिच्या विष्ठेतले जंतू खाजवल्यावर त्वचेत शिरतात. तापाने फणफणलेलं किंवा मरून थंड पडलेलं शरीर तिला सोसत नाही, मग ती शेजारच्या अंगावर जाते. खेटून झोपणाऱ्या, महिनोन्‌महिने तेच कपडे घालणाऱ्या कैद्यांत यापेक्षा वेगळं काय होणार? पण उवेचा हा दोष चार्ल्स निकोल यांनी दाखवला तो १९०९ मध्ये.

१८१४ मध्ये ‘सरी’ या जहाजावर टायफसने कैद्यांसोबत कप्तानही गेला. तिथल्या वसाहतीचे गव्हर्नर मॅक्वारी यांनी डॉ. विल्यम रेडफर्न यांच्याकडे अहवाल मागितला. रेडफर्न स्वतः नौदलातल्या बंडासाठी शिक्षा होऊन कैदी म्हणूनच आले होते. तो प्रवास त्यांनी स्वतः केलेला होता. कैद्यांना रोज डेकवर आणा, हवा खेळती ठेवा, कपडे आणि जागा स्वच्छ ठेवा, असं त्यांनी लिहिलं. रोगाचं कारण दूषित हवा आहे, असं ते समजत होते, पण कपडे धुतल्याने उवाही कमी होतात. माझ्या मते त्यांची सर्वांत मोलाची सूचना वेगळीच होती: जहाजावरचा डॉक्टर कंत्राटदाराचा नोकर नको, सरकारने नेमलेला नौदलाचा हवा. १८१५ पासून तसे डॉक्टर नेमले जाऊ लागले, त्यांना जिवंत उतरलेल्या प्रत्येक कैद्यामागे बक्षीस मिळू लागलं, आणि पुढच्या दशकांत वाटेतल्या मृत्यूंचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं.