यादीत नाव नाही? ‘चॅलेंज व्होट’ उपयोगाचा नाही

‘यादीत नाव नसलं तरी आधार दाखवा, चॅलेंज व्होट मागा, मतदान करता येतं.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही.

मतदानासाठी नाव यादीत असावंच लागतं. ओळखपत्र फक्त तुम्ही कोण ते सांगतं. चॅलेंज म्हणजे बूथवरच्या पोलिंग एजंटने (उमेदवाराच्या प्रतिनिधीने) २ रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर घेतलेली हरकत. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर वेगळी मतपत्रिका मिळते. पण तीही यादीतल्यालाच.

म्हणून, पोरांनो, नाव आजच तपासा: मतदार पोर्टलवर किंवा १९५० वर फोन करून. नसेल तर नमुना ६, म्हणजे नवीन नावनोंदणीचा अर्ज, भरा. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो.