शब्दापुढे ^१० लावलं म्हणजे तो दहापट महत्त्वाचा होतो?

'शब्दापुढे ^१० लिहा, मग त्या शब्दाचीच पानं वर येतात', असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ल्युसीन या शोधासाठीच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या शोधयंत्रांत ही खूण खरोखर चालते, म्हणून तो पटतोही.

पण शोधयंत्र प्रत्येक पानाला गुण देऊन क्रम लावतं, आणि १० ने गुणला जातो तो फक्त त्या गुणांतला त्या शब्दाचा वाटा. पानाचे एकूण गुण म्हणजे सगळ्या शब्दांच्या वाट्यांची बेरीज. आणि मुळात वाटा किती, हे बरंचसं ठरतं तो शब्द संग्रहात किती दुर्मीळ आहे यावर.

नाशिकचंच उदाहरण घ्या. समजा, शेतीविषयक १००० लेख आहेत आणि त्यातल्या ९५० मध्ये 'द्राक्ष' आहे (इथे नसेल तर नवल!). 'भुरी' (बुरशीचा एक रोग) मात्र फक्त २० मध्ये. बीएम२५ या गुण काढायच्या नेहमीच्या सूत्राने 'द्राक्ष'चं दुर्मिळतेचं वजन येतं सुमारे ०.०५, 'भुरी'चं ३.९. दहाने गुणूनही 'द्राक्ष' ०.५ वरच. म्हणजे 'द्राक्ष^१० भुरी' शोधलं तरी भुरीचेच लेख वर राहण्याची शक्यता जास्त.

एकच शब्द शोधताना तर ^१० ने क्रम अजिबात बदलत नाही, कारण सगळ्यांचेच गुण दहापट होतात. हे घरबसल्या करून बघता येतं. पुढची पायरी म्हणजे ल्युसीनवरच चालणाऱ्या इलॅस्टिकसर्चमधली 'एक्सप्लेन' सुविधा: प्रत्येक पानाच्या गुणांची फोड समोर येते.

शब्द हवाच असेल तर त्याच्या आधी + लावा. ते काम ^ चं नाही.