आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे

परवा पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाबाहेर समाजशास्त्राच्या एका विद्यार्थिनीनं मोबाईल पुढे केला. "सर, आयएसएसएन आहे, म्हणजे जर्नल चांगलंच ना?" खाली लिहिलं होतं: तीन दिवसांत प्रसिद्धी, फी १५०० रुपये.

हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि मुलांना फार महाग पडतोय. आयएसएसएन हा नियतकालिक ओळखण्याचा ८ अंकी क्रमांक, बस्स. भारतात तो दिल्लीहून मिळतो, तोही मोफत. आतले लेख कसे आहेत, याच्याशी त्याचा संबंध नाही. पाककृतींच्या मासिकालाही तो मिळतो.

खरी पारख होते समीक्षणात. जर्नलकडे आलेला शोधनिबंध विषयातल्या जाणकारांकडे जातो, बहुधा लेखकाचं नाव झाकून. शेरे येतात, पुन्हा लिहावं लागतं, महिने जातात. हे तीन दिवसांत होत नाही. आणि चांगल्या ठिकाणी छापायला पैसे लागतातच असंही नाही. मुंबईचं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' लेखकाकडून पैसे घेत नाही.

शिवाय यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापायची सक्ती काढली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र विभागात विचारून घ्या.

त्या विद्यार्थिनीकडे कात्रजच्या बचतगटांतल्या बायकांच्या वर्षभराच्या मुलाखती होत्या. म्हटलं, हे असं तीन दिवसांत देऊन टाकू नकोस.